राणी रंगाचा डबा

चांदोरीच्या विहिरीत बापाने कमरेला
गोडेतेलाचा डबा बांधला तेव्हा मी सात वर्षांची.
पत्रा पाठीला टोचायचा, दोर भिजला की काचायचा,
आणि ज्या दिवशी डबा सोडून त्याने मला ढकललं
त्या दिवशी घरी लापशी झाली.

आता चोपन्नाव्या वर्षी
शालिमारच्या दुकानात उभी आहे,
पुन्हा एक डबा विकत घ्यायला.

बोथराशेठ एकेक फुगवून मांडतात
केशरी, पोपटी, पांढरा, राणी.
"हा न्या ताई, हाच खपतो," हात केशरीवर.
शेठ, नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी रंगच तपासले.
शाई केसभर फिकी पडली तरी ताव बाजूला.
खपणारा नको मला,
दिसणारा हवा.

कालच पुंजाबाला विचारून आले.
धरणाच्या फुगवट्यात, गंगावऱ्ह्याच्या अंगाला
पहाटे जाळी काढतो तो.
गेल्या मार्गशीर्षात हेमलताच्या डोक्यावरून
जाता जाता राहिली ती होडी त्याचीच.
धुकं होतं.
त्यानंतर चार दिवस त्याने इंजिनाला हात लावला नाही,
आणि हेमलताने अजून पाण्याला.

"बाई, माणसाचं डोकं पाण्यात नारळाएवढं.
आणि गंगेत नारळ काय, रोजचेच."
मग बोटं मोडत बसला:
पांढरा नको, माझ्या जाळ्याच्या बाटल्या पांढऱ्या,
मासळी समजून तुम्हालाच ओढीन.
पोपटी पाणवेलीत गेला.
केशरी बरा, पण सूर्य भिंतीवरून वर आला की
सगळं पाणीच केशरी,
आणि खाली रामकुंडाकडे तर झेंडूच झेंडू.
"राणी रंगाचं पाण्यात काही उगवत नाही."

राणी रंग.
मी तो लग्नातही नेसले नाही.
चारचौघींत उठून दिसू नये म्हणून
मोतिया, राखाडी, फार तर चिंतामणी,
दुकानदाराने न विचारताच तसल्या घड्या काढाव्यात
इतकी माझी ख्याती.

तरी हात लावून बघते.
कप्पे दोन आहेत, एक फाटला तर दुसरा.
तोटी घट्ट आहे.
दोर ताणून पायाशी मापते:
आखूड असला तर लाथेत येतो,
फार लांब असला तर वाऱ्याबरोबर भटकतो
आणि मलाही वाट सोडायला लावतो.
"शेठ, थंड पाणी आहे का? बर्फ असेल तर फारच छान."
ते सरबत मागवू लागतात.
मी ग्लासात बोटं बुडवून बसते,
बधिर होईपर्यंत,
मग डोळे मिटून कमरेचं बक्कल सोडते.
सुटलं.
दुसऱ्यांदा नाही सुटलं.
तिसऱ्यांदा, हां.
काउंटरमागचा पोरगा हसू दाबतो.

बारीक अक्षरात लिहिलंय,
हे जीव वाचवण्याचं साधन नव्हे.
"मग घ्यायचं कशाला?" पोरगा.
शेठ त्याच्याकडे डोळे वटारतात,
आणि मी पैसे मोजते.
नोटा उलटसुलट बघायची सवय अजून गेलेली नाही.

रविवार. सव्वासहा. बोटांना बर्फाची गरज नाही.
काठावरच्या बाया थांबून बघतात,
एवढ्या वयाची ही, आणि मागे हे काय.
पहिले दहा हात मला लाज वाटते.
मग पाणी कानात जातं
आणि कोण बघतंय ते कळेनासं होतं.

बापाच्या डब्याने मला धरलं होतं.
याला मी ओढते,
आणि ओढ जाणवतही नाही,
फक्त वळले की हातभर मागे
एक भडक, निर्लज्ज गोष्ट
हिंदकळत माझी वाट बघते.

तिसऱ्या वळणाला इंजिन ऐकू आलं.
आवाज जवळ आला, मंदावला,
मग डावीकडून, बराच लांबून, वळसा घालून गेला.
त्याने हात केला असेल.
माझं तोंड पाण्यात होतं.